म्हशीविना दूध

३ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
आजपासून या घरात म्हशीचं दूध बंद. कडुबा गवळ्याला दारातच सांगितलं, रतीब थांबव. तो म्हणाला, काय चुकलं का साहेब, मी पाणी बी लई नाय घालत. त्याला म्हटलं, प्रश्न तुझा नाही, काळाचा आहे.
कोलेस्ट्रॉल दोनशे बासष्ट निघालं. डॉक्टर म्हणाले, तळलेलं सोडा. पण पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली आहेत, पाणी कुठं मुरतं ते मला कळतं. मुळाशी दूधच आहे. सौ. म्हणाली, मुळाशी भजी आहेत. दुर्लक्ष केलं.
यापुढे बदामाचं दूध. घरी काढलेलं, ताजं. व्हिडिओ तीनदा पाहिला.

४ नोव्हेंबर
बदाम रात्रभर भिजवले, सोलले, मिक्सरला फिरवले. गाळायला श्रीखंडाचं फडकं घेतलं. त्याला दसऱ्याच्या श्रीखंडाचा वास होता, त्यामुळे दुधाला वेलचीचा स्वाद आला. व्हिडिओत हे नव्हतं. माझी भर.
सौ.नं घोटभर घेतलं. म्हणाली, पीठ कालवलेल्या भांड्यात पाणी घातलं की असंच लागतं.

५ नोव्हेंबर
चहा फाटला. पत्ती हलकी असणार. बदलावी.

६ नोव्हेंबर
नवी पत्ती. फाटला. चहाची सवयच वाईट.

७ नोव्हेंबर, सायं. ६
चोथा टाकून देणं पाप. सौ.ला बेसन मिसळून भजी करायला लावली. चौदा खाल्ली. आत बदाम असल्यानं ती तळलेल्यात मोडत नाहीत.

९ नोव्हेंबर
प्रेरणाचा फोन. लेक-जावयाचा हर्सूलचा फ्लॅट तयार झाला, तेवीस तारखेला वास्तुशांत. म्हणाली, बाबा, नव्या शेगडीवर पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं असतं, ते माहेरचं हवं, तुम्हीच आणा. भरून आलं. लगेच सांगितलं, माझ्या हातचं आणतो, बदामाचं. तिनं दोनदा विचारलं, बदामाचंच ना. तिलाही भरून आलं असावं. मग म्हणाली, बरं बाबा.
व्याही पुंजारामजी बिडकीनचे, दावणीला सहा म्हशी. लग्नाला चार वर्षं झाली, तरी अजून पाव्हण्यांना माझी ओळख 'सूनबाईचे वडील, कचेरीत होते' एवढीच करून देतात. तेवीस तारखेला त्यांना कळेल कचेरी काय असते.

१२ नोव्हेंबर
नळाचा दिवस होता, पाणी आलं नाही. बदाम परवापासून त्याच पाण्यात. दुपारी वास सुटला. मुकुंदवाडीत राहून संशोधन करणं सोपं नाही.
नवे बदाम आणायला हैदरभाईंच्या दुकानी गेलो. सहज विचारलं, हे दूध उतू जातं ना. ते म्हणाले, साहब, हम बदाम बेचते, उबालते नै. व्यापारी माणूस. ज्ञान तेवढंच.

१५ नोव्हेंबर
सौ. हल्ली रोज सकाळी शेजारी नौशीनबाईंकडे मिक्सरचं भांडं मागायला जाते. अर्ध्या तासानं रिकाम्या हातानं, पण प्रसन्न चेहऱ्यानं परत येते आणि घरचा चहा नको म्हणते. आपलं भांडं तर घरीच आहे. माझ्या प्रयोगामुळे शेजारधर्म वाढला, हा एक लाभच.

१७ नोव्हेंबर
सौ. म्हणते, न्यायच्या आधी एकदा घरी उकळून बघा. रास्त सूचना. उद्या करू.

१८ नोव्हेंबर
राहिलं.

२० नोव्हेंबर
राहिलं. तसंही गरज नाही. दूध ते दूध. खाली जाळ लावला की वर येणारच.

२२ नोव्हेंबर, सायं. ७
एक किलो बदाम, तीन लिटर दूध. हात साल सोलून सुरकुतले. सौ.नं विचारलं, असू द्यावी का एक दुधाची पिशवी सोबत. रागावलो. घरच्यांचाच विश्वास नसेल तर माणसानं करायचं काय?

२३ नोव्हेंबर, दुपारी ३.१५
थोडक्यात लिहितो.
शेगडीभोवती तीसेक माणसं. गुरुजी म्हणाले, पूर्वेकडून उतू जाऊ द्या. दहा मिनिटं काही नाही. पंधरा झाली. पुंजारामजींनी विचारलं, ग्यास चालू हाय ना. मग दूध घट्ट झालं, मग गुठळ्या धरल्या, मग खाली लागलं. करपलेला वास तेवढा वर आला. विहीणबाई सरूबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, नव्या घरात दूध नासलं गं माय. मी म्हटलं, नासलं नाही, सेपरेट झालं. कुणी ऐकलं नाही. प्रेरणाच्या शुभकार्यात आपण हे केलं, असं वाटलं.
ती मात्र शांत होती. तिनं माझं पातेलं उतरवलं. ओट्याखालचं कपाट उघडून दुसरं काढलं. म्हशीचं दूध, वर झाकण. शेगडीवर चढवलं आणि बघता बघता भसाभस उतू गेलं, थेट पूर्वेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.
पुंजारामजींच्या पोटात काही राहत नाही. म्हणाले, नऊ तारखेलाच पोरीचा फोन आलता, आप्पा, दूध तुमच्याकडलं आणा, पण बाबांना नाय कळू द्यायचं.
नऊ तारखेला. माझा फोन ठेवला आणि त्यांना लावला.

दुपारी ४
प्रेरणाला गॅलरीत गाठून विचारलं, माझं उतू गेलं असतं तर त्या म्हशीच्या दुधाचं काय केलं असतंस? ती म्हणाली, खीर केली असती बाबा, तुमच्यासाठीच. माझ्या पाठीवरून हात फिरवला. फार बरं वाटलं. म्हणजे शक्यता तिनंही धरली होती.

दुपारी ४.४०
पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन आलो. जेवण केटररचं होतं. खिरीच्या सामानासाठी एकेक डबा उघडून पाहिला. तांदूळ पूजेच्या अक्षतांपुरते. शेवया नाहीत. साखर चहापुरती.
वाईट वाटलं. एकतीस वर्षांत साहेबांनीसुद्धा मला इतकं नेमकं ओळखलं नव्हतं.