कांदळबेटाचा दुसरा पूल

१२ जानेवारी, रविवार

पुलावर बाळंतपण झालं! आपल्या बेटावरच्या रंगूबाईच्या सुनेला दुपारी कळा सुरू झाल्या. डोंबिवलीला न्यायला रिक्षा काढली, ती पुलाच्या मध्यावर अडकली. पुढे टुरिस्टच्या गाड्या, मागे गाड्या. लोक खाली उतरून फ्लेमिंगोचे फोटो काढतायत! मी धावत गेले, ओरडून घसा बसला. पण गाडी मागे घ्यायला जागाच नाही, तर ते तरी काय करणार? शेवटी आम्ही बायकांनी ओढण्या धरल्या आणि रिक्षातच सुटका झाली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत.

रंगूबाई तिथेच मला म्हणाली, "सरपंच झालीस ना गो मालन? मंग दुसरा पूल कंय हाय?"

बरोबर आहे तिचं. निवडणुकीत मी एकच गोष्ट बोललेले — दुसरा पूल आणणार. आणणारच!

१५ जानेवारी

ठाण्याला कलेक्टर साहेबांकडे जाऊन आले. शीळफाट्याला बस हलेचना. बरंच झालं, तेवढ्यात काय बोलायचं ते पाठ झालं! साहेबांनी नीट ऐकलं. पुलाची सुनावणी लावतो म्हणाले. त्याआधी त्यांच्या वाहतूक सल्लागार बेट बघून जातील — कोपरीच्या वैशाली मॅडम. येऊ देत. एकदा आमचा रविवार बघितला की स्वतःच पूल मागतील.

१९ जानेवारी, रविवार

मॅडम आल्या. पुलाच्या तोंडाशी रिक्षा सोडून सरळ चालत आल्या. आणि म्हणतात काय — दुसरा पूल नको!

"मालनताई, पूल वाढला की गाड्या वाढतील. त्या बेटावर उभ्या कुठे करणार?"

"शेतात."

"आणि शेतं भरली की?"

मी म्हटलं, तिसरा पूल! त्या हसल्या. त्यांचं म्हणणं, टुरिस्टने गाड्या खाडीपलीकडेच ठेवायच्या आणि होडीने यायचं. पूल फक्त गावाला, रिक्षांना, ॲम्ब्युलन्सला. अहो, जे लोक फोटोपुरते गाडीतून उतरतात ते होडीत कशाला बसतील? ठाण्यात बसून सुचतं असलं. जिताड्याचं कालवण वाढलं त्यांना. वाद वेगळा, जेवण वेगळं. दोनदा घेतलं त्यांनी.

२२ जानेवारी

ठरलं. एक रविवार मॅडमचं करून बघायचं. फसणार, नक्की फसणार — मग सुनावणीत कुणी होडीचं नाव काढणार नाही. ग्रामसभेत सांगितल्यावर माझा भाऊ राघो उठलाच. बेटावर त्याचं पार्किंग आहे, बाजूला भजीची गाडी. "ताय, डोका फिरला का तुजा?" बाजूला घेऊन त्याला कानात सगळं सांगितलं. मग हसला.

काळुराम भावोजी मात्र खरंच खूश. आपल्या दोन्ही लाकडी होड्या घासायला बसलेत. त्यांना कानात काही सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

चालली! होडी चालली!

सकाळी पलीकडे नुसती भांडणं. डोंबिवलीचे एक काका, गुरुदत्त म्हणून, गाडीची चावी सोडेचनात. "मी इथे गाडी ठेवून चिखलात उतरू?" त्यांची बायको सरळ होडीत जाऊन बसली. मग काय, आले मागोमाग! ओहोटीला एक होडी गाळात रुतली. लोक चिडले, एकीची चप्पल गेली. मी तिथेच उभी होते, मनात म्हटलं, झालं, बुडालं. तर भावोजींनी गाणं काय सुरू केलं, त्या गाळातल्या होडीत अंताक्षरी! संध्याकाळी गुरुदत्तकाका विचारतात, पुढच्या रविवारी आहे ना?

आणि पूल. रिकामा. माझ्या सासूबाई, ठमाबाई, काठी टेकत पुलावरून चालत पलीकडे बहिणीकडे गेल्या. रविवारी! परत आल्या आणि म्हणाल्या, "वारा लागला गो चांगला."

मी काय ठरवलेलं आणि काय झालं. राग येतोय. हसूही येतंय.

३ फेब्रुवारी

माझं मत बदललं. बस्स.

७ फेब्रुवारी

राघोला सांगितलं. त्याने ताट ढकललं. "पुलाच्या नावावर मता मांगलीस, नि आता होरी?" मी म्हटलं, हो. तेव्हा जे कळत होतं ते बोलले, आता जास्त कळतं. तुझी भजीची गाडी होडीच्या धक्क्यावर लाव, सगळी गर्दी तिथेच उतरणार आहे. ऐकेना. "मी पन येतो ठाण्याला," म्हणाला, "तुजे समोर उबा रहाताव."

सासूबाई म्हणतात, भाऊ आहे, येईल परत. येईलच. पण आज दारावरून गेला आणि आत वळला नाही.

१४ फेब्रुवारी

सुनावणी. हॉल भरलेला. राघो पंचवीसेक पोरं घेऊन आलेला, हातात माझाच निवडणुकीचा बोर्ड — माझा फोटो, खाली 'दुसरा पूल हाच शब्द'. सगळे माझ्याकडे बघतायत. पण उठले.

"फोटो माझाच आहे," म्हटलं. "शब्दही माझाच. मी पूल मागितला कारण आमच्या पोरी पुलावर बाळंत होतात. पण तो पूल आमचाच होता, आम्हालाच त्यावरून जाता येत नव्हतं. दुसरा बांधलात तर तोही रविवारी भरेल. मला पूल नको, रस्ता मोकळा पाहिजे."

कोणी टाळी वाजवली नाही. मग मागून रंगूबाई उभी राहिली, कडेवर नात. "सरपंच बोलतं त्या खरा हाय." एवढंच बोलून खाली बसली. त्यावर राघोनेही बोर्ड खाली घेतला.

साहेबांनी तिथेच सांगितलं. दुसरा पूल बाजूला. शनिवार-रविवार बाहेरच्या गाड्यांना जुना पूल बंद. होडीसेवा कायमची, दोन्हीकडे तरंगते धक्के — म्हणजे ओहोटीचीही कटकट नाही.

जिंकले! बाहेर वैशाली मॅडमनी मला घट्ट मिठी मारली.

२ मार्च, रविवार

राघोने भजीची गाडी धक्क्यावर आणली. माझ्याशी बोलत नाही. पण कागदात गरम भजी बांधून पाठवली!

११ मार्च

होडीसेवेचा हुकूम आला. सकाळी पंचायतीत सगळ्यांसमोर मीच मोठ्याने वाचायला घेतला. प्रवासी फक्त ठेका मिळालेल्या कंपनीच्या, छप्पर असलेल्या फायबर बोटींतूनच. गावच्या लाकडी होड्यांना बंदी.

काळुराम भावोजी दाराशी उभे होते. नवी टोपी घालून आलेले.

"वयनी, तू जिकलीस," म्हणाले. "आता माजी होरी मी कंय लावू?"