नळीचा मान

मल्लेश्वरम, बेंगलोर
१२ जानेवारी १९६१

तीर्थरूप आप्पा यांसी,
सूनबाई प्रमोदिनीचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम.

ह्यांच्या छातीतली कळ थांबली, पण डॉक्टरांनी मटण-अंडी बंद करायला सांगितलंय, तूपही जेमतेम. ह्यांनी एकट्यानं भाजी खायची आणि शेजारी लेकीनं रस्सा ओरपायचा, हे मला बघवेना. म्हणून सगळं घरच डाळी-भाज्यांवर आलंय. तुम्ही पाठवलेला कांदा-लसूण मसाला मात्र सोडलेला नाही. परवा मसुरीच्या आमटीत घातला, तर ह्यांनी नाक पुसत पुसत पुन्हा मागून घेतली. शेजारच्या अक्का मला हुळी शिकवताहेत, म्हणजे शेवग्याच्या शेंगा घातलेली इथली आंबट आमटी.

सासूबाई गेल्यापासून तुम्ही एकटे. आता कायमचे इकडेच या. सुलभा रोज विचारते.

लोभ आहेच, तो आमच्या पानातली भाजी बघून आटू देऊ नये.
आपली,
प्रमोदिनी

निपाणी
२० जानेवारी १९६१

चि. सौ. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

उमाकांतला बरं वाटतंय हे वाचून जीव भांड्यात पडला. औषध म्हणून त्यानं पाला खावा, माझी ना नाही. पण पोरी, आपल्याकडे मटण झालं की मगजाची नळी थोरल्याच्या ताटात पडते. आधी माझ्या वडिलांच्या पडायची, ते गेल्यावर माझ्या. मग घरात थोरलं कोण हे कुणाला सांगावं लागत नाही. तुझ्या घरात मी कोण असणार? बिऱ्हाडी आलेला म्हातारा? खरं सांगतो, मला भीती आहे ती याची, भाजीची नव्हे.

शिवरात्र झाली की थोडे दिवस येतो. कायमचं राहण्याचा शब्द मागू नकोस.

सुलभाला गोड पापा.
आप्पाजी

निपाणी
६ मार्च १९६१

चि. सौ. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचलो.

तुमच्याकडच्या पहिल्याच जेवणाची एक गोष्ट सांगायची राहिली. तू चुलीपाशी होतीस. सुलभानं हुळीच्या पातेल्यात पळी घालून सगळ्यांत जाड शेंग शोधली आणि बापाला ओलांडून माझ्या ताटात ठेवली. म्हणाली, ही तुमची नळी, बाबांनी तुमचं पत्र वाचून दाखवलंय. मग समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, आजोबा, आवाज करून चोखा. मी चोखली. उमाकांत हसायला लागला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं, असं मी त्याला सांगितलं.

काल रविवारी पुतण्याकडे, गुंडूकडे जेवायला होतो. रस्सा फक्कड होता. नळी माझ्याच ताटात पडली. पण ती वाढून सगळे आपापल्या पानाकडे वळले. माझ्यासमोर कुणी बसलं नाही.

तुमच्या मोरीमागे मोकळी जागा आहे. परसातल्या शेवग्याची फांदी ओल्या गोणपाटात बांधून आणतो. शेंगा धरायला वर्ष तरी लागेल, तोवर माझं अंथरूण कुठं घालायचं ते सुलभाला ठरवू दे.

मसाला नवा कुटून घेतलाय. लोभ समक्षच करू.

तुमच्या घरातला थोरला,
आप्पाजी