"तू" कुणाला म्हणायचं

१६ नोव्हेंबर, शनिवार

आलो. नाहूर. सहावा मजला, आणि लिफ्टमध्ये आरसा! कुर्ल्याचं सगळं घर एका टेम्पोत मावलं. पप्पाचा फोटो मी मांडीवर घेऊन बसले होते. आई म्हणाली, हॉलमध्ये लावूया? मी नको म्हटलं. माझ्या कपाटात राहील.

आईशी लग्न होण्याआधी मी त्यांना नंदकिशोर काका म्हणायचे. आज आई म्हणते, "आता काका नको गं, लोक काय म्हणतील." मग काय म्हणू? "तुला येईल ते." मला काहीच येत नाही.

१७ नोव्हेंबर

युक्ती सापडली. हाकच मारायची नाही! जवळ जाऊन उभं राहायचं आणि थेट 'तुम्ही'ने सुरुवात करायची. तुम्ही चहा घेणार? तुमचा फोन वाजतोय. रत्नप्रभा आजी, म्हणजे त्यांची आई, एकदम खूश, आईला म्हणाल्या, "काय शिस्तीचा चेडू गो माधुरी तुजा!" चेडू म्हणजे मुलगी, मालवणीत. आणि ते? त्यांनी नुसता कप घेतला.

त्यांची मुलगी दिशा पहिलीत आहे. ती त्यांच्या पाठीवर चढून ओरडते, "ए बाबा, ऊठ ना रे!" मी पण असंच करायचे. ए पप्पा, तू ना वेडा आहेस! ते 'तू' पप्पाचं आहे. मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

२१ नोव्हेंबर

इथे सगळ्यात नारळ. डाळीत पण!!

२७ नोव्हेंबर, बुधवार

दिशाची आई ती दोन वर्षांची असताना गेली. तिला आठवत पण नाही. मला कळतं सगळं. तरी आज डोकं फिरलं. शाळेतून आले तर ही माझ्या आईच्या मांडीत, आणि आई तिची वेणी घालतेय — माझी रिबीन लावून! "ए आई, घट्ट नको ना गं." आई हसत होती. नवीन घरात आल्यापासून माझी वेणी एकदा तरी घातली का तिने?

आई आत गेल्यावर दिशाला बाल्कनीत गाठलं. "ती माझी आई आहे. तुझी नाही. मी तुझ्या बाबांना तुम्ही म्हणते ना? तसं तू तिला तुम्ही म्हणायचं. कळलं?"

तिने मान डोलावली. रडली असती तर बरं झालं असतं.

२८ नोव्हेंबर

सकाळी दिशा आईला म्हणाली, "तुम्ही माझा डबा भरलात?"

आई आधी हसली. "अगोबाई, मोठ्या झालात की तुम्ही!" दिशा हसली नाही. "तुम्ही द्या ना, बस येईल." मग आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

आजी म्हणाल्या, "ह्या काय नवीन? आमच्यात आवशीक कोण तुमी म्हणता?" आवशीक म्हणजे आईला.

दिशाने माझं नाव सांगितलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

दिशाचं अजून तुम्हीच चालू आहे. वेणी पण घालून घेत नाही. ते तिला हेअरबँड लावून देतात, वाकडा. आईने मला विचारलं, "माझं काय चुकलं गं, प्रांजल?" मला विचारलं! वाट लागली माझी.

दिशाला म्हटलं, मी रागात बोलले, सॉरी ना, आईला तू म्हण. ती म्हणाली, "मग तू बाबाला तुम्ही का म्हणतेस? तो तुझा नाही म्हणून ना?"

मी तिथून सटकले. कारण तेच खरं होतं.

३ डिसेंबर, मंगळवार

कपाट उघडून पप्पासमोर बसले. विचारलं त्याला. तो त्या फोटोत हसतोच नेहमी, काय कळणार! खूप रडले. एक 'तू' तर आहे. पण तो दिला की पप्पा अजून थोडा जाईल असं वाटतं. आणि नाही दिला तर ती छोटी तशीच राहील, आई तशीच राहील. माझ्यामुळे.

४ डिसेंबर

जेवताना ते वाढत होते. आई आत पोळ्या करत होती. मी ताट पुढे केलं. "ए, मला पण भात वाढ ना."

चमचा हवेतच थांबला. आजींचा घास हातातच. दिशा माझ्याकडे बघत राहिली, बघत राहिली. मग भरल्या तोंडाने आत ओरडली, "ए आई, तू पण ये ना जेवायला!"

भात त्याने जरा जास्तच वाढला. मी सगळा संपवला.