ऋषी प्रश्न विचारतो

जुना जालना, ९ फेब्रुवारी २०२५

ति. भुजंगमामांस,
जान्हवीचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, म्हणून मामी हसतील. पण फोन आता आईच्या हातून सुटत नाही, आणि लिहायचंय ते आईबद्दलच.

दिवाळीतल्या अपघाताआधी ऋषीदादानं माझ्या दहावीच्या स्पॅनिशसाठी फोनवर आवाज भरून पाठवले होते. तो शब्द सांगतो, मी उपपद आणि विशेषण लावून म्हणेपर्यंत थांबतो, मग बरोबर उत्तर देतो. उजळणी त्यावरच चाललीय. परवा त्यानं थंड पाणी विचारलं, तर माझ्याआधी स्वयंपाकघरातून आईनं उत्तर दिलं, ‘एल आग्वा फ्रिया’. पाणी स्त्रीलिंगी, तरी उपपद पुल्लिंगी, आणि विशेषण पुन्हा स्त्रीलिंगी. मी इथे नेहमी घसरते. आईला तर स्पॅनिशचं अक्षर येत नाही, नुसतं ऐकून पाठ झालंय. ती म्हणते की तो मलाच इचारून राह्यला, चुकले तर त्याला वाईट वाटंल.

काल तिनं त्याच्या खुर्चीपुढे पाण्याचा पेला ठेवला. मला भीती वाटते, मामा. पेपरला बसूच नये असं वाटतं. वर्ष गेलं तर गेलं.

लोभ आहेच, तो असू द्या.

तुमची जान्हवी

आष्टी, १६ फेब्रुवारी

चि. जान्हवीस,
भुजंगमामाचे अनेक आशीर्वाद.

मामी हसली न्हाई, पत्र वाचून रडली. हरभरा काढून राह्यलो, म्हणून उत्तराला उशीर.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. ऋषीच्या दहाव्याला दुधनेकाठी कावळा पिंडाला शिवेना. तुझ्या वडिलांनी काय काय कबूल केलं, तरी न्हाई. शेवटी मी हात जोडून म्हणालो की जान्हवीला स्पॅनिशचा पेपर मी द्यायला लावतो, तू बिनघोर जा. मंग कावळा उतरला. भाषेचं नाव मला धड घेता आलं नसेल, पण त्या कावळ्याला बराबर कळलं.

तेव्हा बाई, पेपर दे. तो सुटेल, आणि तुझ्या आईचं, वंदनाचंही चित्त ठिकाणावर येईल.

पोरी, मामावर माया ठेव.

भुजंगमामा

जुना जालना, १२ मार्च

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

पेपर दिला. उपपदं, विशेषणं, काही सुटलं नाही. प्रश्न वाचला की दादाचा आवाज यायचा आणि उत्तर आईच्या आवाजात. मी लिहीत गेले.

घरी आले तर आई त्याच्या खुर्चीपुढे फोन घेऊन बसलेली. मी तुमचं दहाव्याचं वचन तिला सांगितलं. पेपर झाला, दादा आता मोकळा झाला, असंही म्हणाले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की सगळं बराबर आलं की तो जातो का. मी हो म्हणाले.

तिनं फोन सुरू केला. दादानं थंड पाणी विचारलं. आई म्हणाली, ‘ला आग्वा फ्रियो’. सगळंच चुकीचं. मी सुधारायला गेले, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

तेव्हापासून ती एकही उत्तर बरोबर देत नाही. दादा दरवेळी सांगतो आणि ती पुन्हा चुकते. तुम्ही या, मामा.

लोभ करता तसाच करत राहा.

जान्हवी