उलटा झोन

१९ ऑगस्ट २००६, शनिवार

विजूच्या डोळ्यांत लेझर गेला. माझ्या हातानं!

 जसं झालं तसं लिहितो.

गणपतीच्या लेझर शोची तयारी चालली होती. शाळेच्या पटांगणात ट्रस, म्हणजे लोखंडी सांगाडा, उभा केला. दरवेळी प्रोजेक्टर खाली स्टँडवर असतो. या खेपेला मंडळवाले म्हणाले, गर्दीत धक्का लागंल, वर टांगा. मग वर टांगला. उलटा.

कॉम्प्युटरवर दोन झोन आखले. झोन म्हणजे चौकट. किरणानं तिच्यातच फिरायचं, बाहेर पडायचं नाही. पहिला झोन पडद्यावर, गणपतीचं चित्र काढायला. दुसरा लोकांच्या डोक्यावरनं आभाळाकडं, नुसते झोत सोडायला. प्रोजेक्टर उलटा असला की प्रत्येक झोनसुद्धा उलटा करावा लागतो. एक टिचकी मारायची फक्त. पहिल्याला मारली. दुसऱ्याला विसरलो. आणि चाचणी मंद उजेडावर घ्यायची असते, ती मी पूर्ण जोरावर घेतली. पाऊस येईल म्हणून घाई!

वर जायचा झोत खाली आला. खाली विजू पडद्याची दोरी बांधत होता.

"नाग्या, बंद कर! बंद कर!"

बंद केला. तो डोळे दाबून मातीतच बसला. थोड्या वेळानं हसला. "काय न्हाय रं. हिरवं हिरवं दिसायलंय नुसतं."

मला हसू आलं नाही.

२० ऑगस्ट

विजू म्हणतो, बरं आहे. आयटीआयपासून ओळखतो मी विजयसिंहाला. काही दुखलं की हा जास्त मोठ्यानं बोलतो. आज फारच मोठ्यानं बोलत होता.

दोघांची भागीदारी. लग्नात दिव्यांच्या माळा लावत लावत इथवर आलो. बोलणं त्याचं, वायरी आणि कॉम्प्युटर माझं. म्हणजे काल जे झालं ते माझ्याच वाटणीचं काम.

२३ ऑगस्ट

दोन्ही झोन पुन्हा आखले. मंद उजेडावर तपासले. पुन्हा तपासले. विजूला म्हटलं, तू घरी जा. ऐकला नाही. दिवे लागायच्या वेळी सरळ ट्रसच्या पायावर जाऊन आदळला. एवढा मोठा लोखंडी पाय! कपाळ फुटलं.

मी केलं हे.

२७ ऑगस्ट

शो झाला. लोक शिट्ट्या मारत होते म्हणे. मी विजूकडंच बघत होतो. पडद्यावर गणपती आला तेव्हा तो भलतीकडंच तोंड करून टाळ्या वाजवत होता.

९ सप्टेंबर

विजूला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. मी तयार होऊन त्याच्या दारात गेलो. धोंडुबाई काकी, विजूची आई, म्हणाल्या, "तू नगंस." एवढंच. या बाईच्या हातचं मी किती वेळा जेवलोय.

बसथांब्यापर्यंत मागं मागं गेलो. काकींनी वळून पाहिलं नाही.

११ सप्टेंबर

गल्लीत माहीत झालं सगळ्यांना. लेझरनं डोळ्याचा पडदा जळला. आता सुधारणा नाही. काकींनी स्वतः सांगितलंय. मी विजूला फोन केला, त्यानं उचलला नाही.

जेवण गेलं नाही. संघप्रियानं, माझ्या बायकोनं, ताट झाकून ठेवलं. शेवटी म्हणाली, "मुद्दाम केलंसा व्हय?" नाही. पण म्हणून काय विजूला दिसणार आहे?

१७ सप्टेंबर

नवरात्राचं काम गेलं. मंडळाच्या अध्यक्षानं फोनवर गोड बोलून सांगितलं, "यंदा साधंच करायचं ठरलंय." मागनं कुणीतरी बोललेलं ऐकू आलं, "असल्यांच्या हातात द्यायचीच कशाला तसली मशीन." असल्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पण आज रागावण्याचा हक्कसुद्धा उरला नाही. त्यानं म्हटलं ते वाईट, आणि मी केलं तेही खरंच.

२ ऑक्टोबर

दसरा. आई नागपूरला दीक्षाभूमीवर गेलीय. धर्मांतराला पन्नास वर्षं झाली. वर्षभर तयारी चालली होती तिची. मीही जाणार होतो. नाही गेलो. विहारात संघप्रिया एकटी गेली. मी घरात पडून राहिलो, पांढरा सदरा घालून.

१५ ऑक्टोबर, रविवार

हे नीट लिहून काढतो.

विजूचा फोन आला. दुपारी रंकाळ्यावर ये म्हणाला. गेलो. कठड्यावर बसला होता. वाळलाय. मी पाया पडायलाच वाकलो होतो, त्यानं खांद्याला धरून बसवलं.

"नाग्या, लेझर न्हवं."

मला कळेना.

"डॉक्टरनं पयल्याच दिवशी सांगितलं. तुझ्या लेझरचा डागबी न्हाय डोळ्यात. ह्यो रोगच हाय. रक्तातनं आलाय. आदी अंधारातलं जातंय, मग कडंनं कमी कमी हुतंय. नेसरीचा मामा आंधळा झालाय की, त्येच."

नेसरीचा मामा देवीच्या तापानं आंधळा झाला, असं मी पहिल्यापासून ऐकत आलोय.

"मग काकी लेझर लेझर का सांगत सुटल्यात?"

जवळपास कुणी नाही ना, त्यानं मला बघायला लावलं. मग म्हणाला, "मोनाचं ठरलंय. हुपरीत. घरातच चांदीच्या पैंजणांचा कारखाना हाय, पोरगा चांगला हाय. हे कळलं तर कोण करून घेईल माझ्या भनीला? डिसेंबरात लगीन हाय. झालं की मी सोता सगळ्यांस्नी सांगतो. तवर तुज्यावरच ऱ्हाऊ दे."

तुज्यावरच ऱ्हाऊ दे! जशी काय छत्रीच ठेवायला देतोय.

आधी वाटलं — सुटलो! मी नाही केलं! उठून ओरडावंसं वाटलं. मग त्याच्याकडं बघितलं. मी सुटलो. तो कुठं सुटलाय?

"कधीपासून दिसत नव्हतं?" मी विचारलं.

"कळायचं न्हाय. मला वाटायचं, अंधारात सगळ्यांस्नीच असं दिसतंय."

मी हो म्हणून आलो.

१६ ऑक्टोबर

संघप्रियाला सांगितलं. सांगायला नको होतं, पण दोन महिने तिनंही सोसलंय. आधी रडली. मग भडकली.

"तुमचं नाव गेलं त्याचं एक वेळ जाऊ दे. पण त्या हुपरीच्या पोराला फसवायचं? आणि मोनाला तरी ठाऊक हाय का ह्यातलं?"

ठाऊक नाही म्हणालो. खरं म्हणजे मी विजूला विचारलंच नव्हतं.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. पहिल्यांदाच विजूच्या घरनं फराळाचं ताट आलं नाही.

५ नोव्हेंबर

मशीन खोक्यात घालून वर टाकलं. घराच्या पुढच्या खोलीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान मांडलंय. एका गिऱ्हाइकानं सेट उचलून परत नेला. "डोळं घालवणारा तो तूच न्हवं?" म्हणाला.

१२ नोव्हेंबर

विजू दुकानासमोरनं गेला, काकींच्या खांद्यावर हात ठेवून. भर दुपारी! मी हाक मारली नाही. लोक बघत होते. त्यांना वाटलं असेल, तोंड दाखवायला लाजतोय.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज हुपरीचे जोतीराम आले होते. मोनाचे होणारे सासरे. मला कसं शोधून काढलं कोण जाणे. धोतर, टोपी, बोटांची टोकं चांदीच्या कामानं काळी पडलेली. बाकावर बसले, पाणी प्याले.

"पावणं, एकच इचारतो. आमच्यात बारीक काम असतंय. कड्या जोडायच्या, झाळायचं. सून बी बसणार कामाला. त्या पोराचं डोळं खरंच तुमच्या मशीननं गेलं का? का घराण्यातच काय हाय?"

काय सरळ माणूस! डोळ्यात डोळा घालून विचारत होता. संघप्रिया पडद्याआड उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"व्हय," मी म्हणालो. "माझ्या हातनंच झालं."

"देवाशपथ?"

"देव मानत नाही मी. पण खरं सांगतोय."

ते उठले. माझ्या पाठीवर हात ठेवला. "लई सोसलंसा. कबूल करायला बी जिगर लागती."

ते गेल्यावर संघप्रिया बाहेर आली. माझ्याकडं बघितलंही नाही. बाकावरचा पेला उचलला आणि आत गेली.

२० नोव्हेंबर

तो पाठीवरचा हात जात नाही.

२४ नोव्हेंबर

हुपरीच्या बसमध्ये चढलो. सगळं सांगून टाकायचं ठरवून. बस हलायच्या आधीच उतरलो. विजूचा चेहरा समोर आला. घरी आलो तर संघप्रियानं विचारलं, कुठं गेलतासा? कुठं नाही म्हणालो. आता तिच्याशीही खोटं.

३० नोव्हेंबर

दिवेलागणीला मोना आली. एकटी. भिंतीला हात लावत लावत दुकानाच्या पायरीशी पोचली.

"नागसेनदादा, हुपरीला जाऊन सांगून आले मी. लगीन मोडलं. विजूदादाकडनं कळलं, तुमी माझ्यापायी खोटं बोललासा."

"विजूच्या रोगाचं कशाला सांगितलंस गं? महिन्यावर आलं होतं."

"विजूदादाचं न्हवं, माझंच सांगितलं," ती म्हणाली. "मलाबी सांजचं दिसत न्हाय. दोन वर्सं झाली. घरात कुणालाच सांगितलं न्हाय मी."

तिला पोचवायला निघालो. तिनं माझा हात धरला, आणि पेठेतनं सगळ्यांच्या देखत, तिच्या दारापर्यंत सोडला नाही.