आवाज गेलेलं रीळ

सोमवार, ३ नोव्हेंबर

सापडलं! बोटीच्या सिनेमाचं कापलेलं रीळ सापडलं.

आमच्या चित्रपट मंडळाच्या चिटणिसाचा सकाळीच फोन. हा माणूस पोटासाठी विमा विकतो, त्यामुळे बातमीसुद्धा हप्त्याहप्त्याने देतो. आधी एक बंद पडलेलं थिएटर, मग त्याची अडगळीची खोली, मग गंजलेला डबा. म्हटलं, डब्यात काय आहे ते सांगा, नाहीतर ठेवते फोन.

डब्यात निरोपाचा प्रसंग! लांबी कमी करायची म्हणून वितरकाने तो पहिल्या आठवड्यानंतर कापला, आणि पुढे कुठल्याच प्रतीत तो राहिला नाही. कॉलेजात असल्यापासून मी हा सिनेमा पाहतेय. दर वेळी खर्ज दारात उभा असतो आणि पुढच्या क्षणी बोटीवर. मधे काय झालं? तो आपणहून गेला, की पापणीने त्याला जा म्हटलं? यावरून मी मैत्रिणींशी अबोला धरलाय. माझं मत पक्कं — ती अडवत होती, हा झिडकारून गेला. ताईला विचारलं की म्हणते, "तू म्हणशील तसं." बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेली माझी बहीण!

खर्ज, पापणी — लिहिताना हसू आलं. नटनट्यांची खरी नावं आमच्या घरात कधी चाललीच नाहीत. लहानपणी तापात ताईचे कान गेले. मी तेव्हा जेमतेम चालायला लागले होते. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांना खुणा. पापणीवरून बोट फिरवलं की ती नटी. हवेत चौकोन काढला की दिग्दर्शक, कारण खिडकीशिवाय त्याचा एक सिनेमा नाही. गळ्यावर तळवा टेकला की तो नट — खर्ज. ही खूण मीच ठरवली असणार. आमच्या दोघींत त्याचा आवाज ऐकलेली मीच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

रीळ पाहिलं. मंडळाची खोली छापखान्याच्या वर आहे, खाली यंत्रं चालली की खुर्च्या थरथरतात. आज चिटणिसाने खाली जाऊन यंत्रं थांबवायला लावली. उपयोग शून्य. चित्र लख्ख आहे, पण रिळाच्या कडेने आवाजाची जी पट्टी असते ती बुरशीने खाल्लीय. पापणी बोलते, खर्ज बोलतो, आणि ऐकू येते ती नुसती खरखर. माणसं जीव कानात आणून बसली होती. दिवे लागल्यावर कुणी कुणाकडे बघेना.

चिटणिसाने पट्टीच्या त्यातल्या त्यात बऱ्या तुकड्याचे फोटो कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठवलेत, पण आशा त्यालाच नाही. आणि सोळा तारखेचा खास खेळ जाहीर करून बसलाय!

मी म्हणाले, माझी ताई ओठ वाचते. ती संवाद सांगेल, मी ते खेळाच्या वेळी वाचून दाखवीन.

कुजबूज झाली. ताईला सगळे ओळखतात — रडायच्या प्रसंगाला खदखदून हसणारी बाई. पण ती उगीच हसत नाही. एका सिनेमातल्या शोकसभेत मागच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला "पाय सरकव की" म्हणतो, हे आजवर फक्त तिलाच दिसलंय. नट ती ओठांवरून पारखते. मिशीवाले सगळे नापास. अपवाद एकटा खर्ज. मिशी झुपकेदार, ओठ हलले तर हलले, आणि तरी ताईचा सगळ्यांत लाडका! आवाज काढून घेतला तर त्या माणसात उरतं काय? ठोकळा. हे कोडं मला कधीच सुटलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

उजेडात अगदी जवळ बसून विचारलं. ताई आधी नाही म्हणाली. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, वाचते. पण एकदाच. आणि तू सोडून खोलीत कुणी नको.

मी डोळ्यांचा विषय काढला. डावा डोळा तिचा केव्हाच गेला. उजव्याला ती 'कामाचा' म्हणते. तो या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना दाखवायचा होता. तर म्हणे खेळ झाल्यावर जाऊ. मी चांगलंच फैलावर घेतलं. तो डोळा म्हणजे तिचा कानही आहे. तो गेला तर हिच्याशी बोलायचं कुणी आणि कसं?

एरवी भांडणात तिच्याकडे हुकमाचा एक्का असतो — ती डोळे मिटून घेते. मग मी कितीही तोफ डागली तरी समोर भिंत. शाळेत अख्खा वर्ग माझ्यापुढे चिडीचूप बसायचा, पण घरी हिने मला असं हजारदा हरवलंय. हल्ली मिटत नाही. शांतपणे बघत राहते. निवळली असेल वयाने.

बोलून झाल्यावर खोलीत गेली, दार नुसतं लोटलं. कडी ती कधीच लावत नाही. दार वाजलेलं कळत नाही, म्हणून.

रविवार, ९ नोव्हेंबर

वाचलं तिने! सगळं!

पहिल्या रांगेच्याही पुढे खुर्ची ओढून बसली. यंत्र सुरू करून चिटणीस बाहेर गेला. ताईचा आवाज तापाआधी जेवढा शिकला तेवढाच आहे, सपाट, चढउतार नसलेला. त्या आवाजात ती एकेक वाक्य सांगत गेली. पडद्याच्या जरा पुढेच धावत होती. मला मान वर करायला फुरसत नव्हती, नुसती लिहीत होते.

पापणी म्हणते, "जा म्हणायला मला कुणी शिकवलं नाही. तरी म्हणते — जा."

खर्ज म्हणतो, "कडी लावू नकोस. लोटून घे नुसतं."

आणि पापणी, "मग वारा आला तरी मी उठेन."

म्हणजे तिनेच जा म्हटलं! माझं जन्माचं मत सपशेल आडवं. अंगावर काटा आला, तरी राग नाही आला. चिटणिसाला वाचून दाखवलं तर तो चक्क एका दमात बोलला — बाई, हे लोकांना झेपायचं नाही.

ताईला म्हटलं, कमाल केलीस. ती हसली आणि "चल, पाय दुखतात" म्हणाली. जिन्यावर माझा हात घट्ट धरून उतरली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

आज एकटीच मंडळात गेले होते. कुठलं वाक्य कधी वाचायचं ते बसवायला. रीळ सुरू केलं. पापणीचं "जा" अगदी जुळलं. मग खर्जाचं वाक्य. आणि खर्ज पाठमोरा!

पुन्हा लावलं. पुन्हा पाठमोरा. दिग्दर्शकाने त्याला खिडकीकडे तोंड करून उभं केलंय. खांदे दिसतात, मान दिसते. ओठ नाहीतच. जे ओठ दिसतच नाहीत ते ताईने वाचले कसे?

आधी संताप आला. रचून सांगितलं! मला, मंडळाला, सगळ्यांना! माझं मत पुन्हा उभं राहिलं, असाही एक विचार डोकावला. त्याची लगेच लाज वाटली.

मग जिन्यातच पाय थबकले. परवा चहा कपाच्या बाहेर ओतला. वर्तमानपत्र उघडून एकाच पानावर बसते. भांडणात डोळे मिटत नाही — मिटायची गरजच उरली नसेल तर?

घरी येऊन तिच्यासमोर उभी राहिले. नेहमीसारखं स्पष्ट, सावकाश म्हणाले, "ताई, घराला आग लागलीय."

"आण थोडं," ती म्हणाली. "आणि जाताना दिवा घालव."

बुधवार, १२ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटून आलाय. बरेच दिवस झाले असणार, इतके दिवस थांबलात कशा, असं मलाच खडसावलं. लोकांना खडसावण्यात माझा जन्म गेला, पण आज खाली मान घालून ऐकून घेतलं. उद्याच शस्त्रक्रिया. नजर परत येईल असं त्या छातीवर हात ठेवून सांगत नाहीत.

ताईला त्यांचे ओठ दिसेनात. मी तिच्या तळव्यावर बोटाने एकेक अक्षर काढलं. उ-द्या.

"रविवार होऊ दे," ती म्हणाली. "खेळ होऊ दे. तोवर गप्प बसायचं ठरवलं होतं मी."

मी लिहिलं, नाही.

"रीळ वाचायला नाहीच म्हणत राहिले असते, तर तू का म्हणून विचारलं असतंस. आणि तिथेच धरलं असतंस मला, मास्तरीणबाई. टेबलावर झोपले आणि उठल्यावर काळोखच असला तर? आत्ता निदान उजेड तरी कळतोय."

मी पुन्हा लिहायला गेले, तर तिने दोन्ही मुठी आवळल्या. मिटून घ्यायला आता तेवढंच उरलं होतं तिच्याकडे. मीही सोडलं नाही. एकेक बोट उघडलं. लिहिलं, मी आहे.

मग म्हणाली, "पाठ फिरवून बोलू नकोस मात्र."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तिला आत नेलं. शस्त्रक्रिया ठरलेल्या वेळेपेक्षा बरीच लांबली. विचारलं तर परिचारिका म्हणाली, डॉक्टर सांगतील. डॉक्टर म्हणाल्या, वाट बघू.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डोळ्यात हवेचा बुडबुडा भरलाय. तो पडद्याला जागेवर दाबून धरतो. त्यासाठी ताईने दिवसरात्र पालथं पडून राहायचं. कान नाहीत, डोळ्यावर पट्टी, तोंड उशीत. एक हात तेवढा खाटेखाली सोडलेला असतो. मी जमिनीवर बसून त्याच्यावर लिहिते.

आज न राहवून विचारलं. खोटं का सांगितलंस?

"खोटं नाही."

तुला दिसत होतं?

"नव्हतं."

मग?

तिने हात ओढून घेतला.

चिटणिसाला फोन करून सांगितलं की ती वाक्यं ग्राह्य धरू नका, ताईला पडदा दिसतच नव्हता. तो अजिजीने म्हणाला, बाई, वाक्यं सुंदर आहेत, कुणाला कळणार आहे? म्हटलं, मला कळेल. रचलेलं वाक्य मी खर्जाच्या तोंडी घालणार नाही. रीळ मुकं दाखवा.

फोन ठेवल्यावर मात्र बरं वाटलं नाही. आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष देऊन आल्यासारखं झालं.

रविवार, १६ नोव्हेंबर

खेळ झाला. मुका. मी गेले नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

घरी आणलंय. पट्टी काढली. ताईला उजेड कळतो, खिडकीचा चौकोन कळतो. माझं तोंड म्हणजे नुसता धुरकट गोळा. बुडबुडा विरायला हवा, म्हणे. पण तो विरल्यावर मागे काय उरलेलं असेल ते विरल्यावरच कळायचं. धीर धरा, डॉक्टरीणबाई सांगतात. हाच शब्द मी शाळेत पालकांना किती सहज सांगत असे!

तळव्यावर लिहून होतात ती नुसती कामं. औषध. जेवण. कूस बदल. परवा मला खिडकीवाल्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं — की त्याने त्या प्रसंगात खर्जाला पाठमोरा का उभा केला असेल. चार अक्षरं काढली आणि थांबले. असल्या गोष्टी बोटाने होत नाहीत. आणि असल्या गोष्टींशिवाय आम्ही दोघी काय आहोत? एकीने औषध द्यायचं, दुसरीने घ्यायचं.

तिच्या खोलीच्या दाराला कडी लावू नका, पडली-झडली तर, असंही डॉक्टरीणबाईंनी बजावलं. सांगायची गरज नव्हती.

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी थेंब घालायला वाकले होते. ताईने एकदम माझी हनुवटी धरली. तोंड आणखी जवळ ओढलं, वीतभर अंतरावर. उजेडाकडे वळवलं.

"तुला मिशा आल्यात," ती म्हणाली.

मी थेंबांची बाटली खाली ठेवली आणि कपाट आवरायच्या निमित्ताने तिकडे तोंड केलं. मागून तिचा सपाट आवाज आला, "पाठ फिरवायची नाही असं ठरलंय."

वीतभर अंतरावरून वाचता येतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याच्या पुढेही सुधारेल. नाही सुधारलं तरी माझी तक्रार नाही. मी वीतभर अंतरावर बसेन.

मंगळवार, २ डिसेंबर

चिटणीस घरी आला. हप्ते न पाडता फोन पुढे धरला. प्रयोगशाळेने तुकड्यातून आवाज काढलाय. खरखर. खरखर. मग खर्ज, तोच, छातीतून येणारा — "कडी लावू नकोस. लोटून घे नुसतं."

शब्दाला शब्द.

मी आत गेले. ताईपासून वीतभर अंतरावर बसले. विचारलं, खर्जाचं ते वाक्य तू ऐकलं होतंस?

"बाबांनी नेलं होतं. मला एकटीलाच. पहिल्याच आठवड्यात. ताप त्याच्यानंतर आला."

सांगितलं का नाहीस कधी?

"बाकी सगळे आवाज तुझे होते. हा एक माझा होता."

आणि तिने गळ्यावर तळवा टेकला. ती खूण मी ठरवलेली नव्हती.