खंडेनवमीचा व्हिडिओ

वारजे, पुणे

प्रिय आई,

नमस्कार. तब्येत उत्तम आहे, जेवतेही वेळेवर. फोन मुद्दाम केला नाही. तोंड उघडलं तर मी ओरडेन आणि तू रडशील.

माझे स्फटिक तुला माहीत आहेत. केसाच्या तुकड्याएवढे, उजेड पडला की कोणी न ढकलता आपोआप सरकणारे, उड्या मारणारे. म्हणून तर प्रयोगशाळेचा काळा पडदा कायम ओढलेला असतो. वर्षभर खपून मी चांगले निवडले होते आणि काचेवर मांडून ठेवले होते.

खंडेनवमीला आमच्या सरांनी उपकरणांची पूजा काढली. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मग फोटो काळे येतात म्हणून स्वतःच्या हाताने पडदा उघडला! ऊन थेट काचेवर. आरती संपेपर्यंत माझे स्फटिक एकमेकांत मिसळले, निम्मे काचेवरून उडून कुंकवात गेले. आता कुठला कोणता, हे देवालाच विचारायचं.

वर सर म्हणतात, "अगं स्वराली, हलले ना? मग प्रयोग यशस्वी!" आणि व्हिडिओ गावभर पाठवला.

तो तू कुसुमकाकूंना कौतुकाने दाखवलास म्हणे. कृपा कर, आणखी कोणाला दाखवू नकोस.

बाबांचा गुडघा कसा आहे? चिवडा अजून पुरतोय.

आणि तू विचारलंस ना, आरतीत मागे ती कोण बाई "पडदा लावा, पडदा लावा" म्हणून किंचाळतेय, तिला कोणी गप्प का करत नाही?

ती मी होते, आई.

तुझीच,
स्वराली